चालून दाखव

घोडेगावच्या बैलबाजारात एका व्यापाऱ्याने माझ्या वडिलांना विचारलं, "आन ह्यो खोंड केवढ्याला?"

खोंड म्हणजे मी. तेव्हा मी मराठी तिसरीत होतो.

वडिलांना आम्ही दादा म्हणत होतो. दादांनी आमचा पांढरा बैल विकायला आणला होता. त्या व्यापाऱ्याने बैलाचे दात बघितले, वशिंड दाबून पाहिलं, शेपटी वर केली. मग मागे सरून तो म्हणाला, "चालवून दाखव." दादांनी कासरा धरून बैल पुढे नेला, मागे आणला. भोवतीची माणसं खाली वाकून खुरांकडे बघत होती. बाजाराची ही रीतच आहे. उभं जनावर सगळं झाकतं. खोड चालताना कळते.

आमच्या बैलात खोड नव्हती. पण भाव पाडायला काहीतरी हवं असतं. व्यापाऱ्याला मी सापडलो. मी बाभळीला टेकून उभा होतो. लहानपणी ताप आला आणि माझा डावा पाय वाळत गेला. चालायचं तर डावा हात गुडघ्यावर दाबून तो पाय पुढे ढकलावा लागतो. दादांनी मला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. बाजाराच्या कडेला एक हाडवैद्य बसतो, त्याला पाय दाखवायचा होता.

"पोरगं हाय माझं," दादा म्हणाले.

"त्ये दिसतंय की. पर पोरगं लंगडं, मंग बैलाचा काय भरवसा? दोघं बी एकाच हौदावर पानी पितेत. दाव की ह्याला बी चालवून."

माणसं हसली. दादाही हसले. नुसते ओठ ताणले गेले, पण हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाल रं जरा."

मी चाललो. हात गुडघ्यावर, पाय पुढे. हात गुडघ्यावर, पाय पुढे. बैल जिथून वळला होता तिथून मीही वळलो. कुणीतरी बैलाला करतात तसं जिभेने टॉक टॉक केलं. एक म्हातारा म्हणाला, "बैलाचा येक पाय गेला तरी तीन उरत्यात. ह्याला काय उरलं?" पुन्हा हसले.

बैल गेला. उपरण्याखाली बोटं धरून सौदा झाला. दादांनी मला गोडीशेव घेऊन दिली आणि आम्ही हाडवैद्याच्या समोरून न थांबता निघून गेलो. दादांना माझी लाज वाटली की स्वतःची, ते मी कधी विचारलं नाही.

माझ्यावर उपकार करणारी माणसं आहेत. त्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर नाही. आईने मला चौथीपर्यंत पाठुंगळी घेऊन शाळेत सोडलं. पण दसरा झाला की आई आणि दादा ऊसतोडीला जायचे. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पोरं मोळ्या बांधतात, उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करतात. मी कशातच बसत नव्हतो. मग मला चुलतीकडे ठेवायचे. चुलती मला भाकरी द्यायची ती सगळ्यांचं झाल्यावर, आणि देताना म्हणायची, "घ्या, बसून खाणारे."

शेजारच्या अंगणात शिवराम होता. माझ्यापेक्षा मोठा, जन्माचा आंधळा. विहिरीत पडू नये म्हणून घरचे त्याला लिंबाला दोरीने बांधून कामावर जायचे. कमरेला दोरी, हातापुढे पाण्याचा तांब्या. माझा पाय मोडका, त्याला दोरी. मी दिवसभर त्या लिंबाखाली बसून त्याला माझी पुस्तकं वाचून दाखवायचो. तो म्हणायचा, "पुन्ना वाच. ह्यो राजा मेला कसा त्ये नीट कळलं न्हाई." तो पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा, म्हणून माझा इतिहास पाठ झाला.

तिसगावच्या हायस्कुलात गुरुजी भेटले. त्यांनी मला आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं. फी माफ करून दिली. नगरला बोर्डिंगात जागा मिळावी म्हणून स्वतः चार दारं हिंडले. त्यांच्या बायकोने मला सणाला पुरणपोळी वाढली, तीही पंगतीत, आपल्या मुलांच्या शेजारी. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी झालो तो त्यांच्यामुळे. निकालाच्या दिवशी मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला खरंच रडू आलं.

त्यांनीच मला मुलाखतीला नेलं. एका संस्थेचं नवं हायस्कूल निघत होतं, इतिहासाचा शिक्षक हवा होता. ही नोकरी मिळाली की मी कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या उरल्या भाकरीवर राहणार नव्हतो. स्वतःची खोली, स्वतःचा स्टोव्ह, दाराला स्वतःचं कुलूप. दुसरं काही मला नको होतं.

संस्थेचे अध्यक्ष नगरला सावेडीत राहायचे. तिकडे तेव्हा नवे बंगले होऊ लागले होते. त्यांच्या बंगल्याच्या पायऱ्या उंच होत्या, कठडा नव्हता. अध्यक्ष वर झोपाळ्यावर बसले होते. शेजारी संस्थेचे दोन सभासद. मी एकेक पायरी चढत होतो आणि तिघंही बघत होते. गुरुजी आधीच वर जाऊन उभे होते.

नाव विचारलं. गाव विचारलं. जमीन किती, विचारलं. इतिहास कुणी विचारला नाही.

एक सभासद म्हणाला, "पोरं नकला करतील हो याच्या."

दुसरा म्हणाला, "कवायतीचा तास याला द्या. पोरांना आयती लंगडी शिकायला मिळेल."

अध्यक्ष हसले नाहीत. ते चांगले गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. समजावल्यासारखं म्हणाले, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. वर्गात दिवसभर उभं राहायचं असतं. जरा त्या भिंतीपर्यंत चालून दाखव."

"साहेब, मी आत्ता पायऱ्या चढून आलो. तुम्ही बघत होता."

"तेव्हा नीट लक्ष नव्हतं. दाखव."

गुरुजी मागून हळूच म्हणाले, "दाखव रे. तुझं काय जातंय?"

मी खुर्चीवरून उठलो. सवयीने हात गुडघ्यावर गेला. आणि तिघंही पुढे वाकले. माझ्या तोंडाकडे कुणाचीच नजर नव्हती. तिघांची मान खाली, डोळे माझ्या पायांवर. ते डोळे मी ओळखले. घोडेगावच्या बाजारातले.

मी पुन्हा खुर्चीवर बसलो.

"नाही दाखवणार."

झोपाळा थांबला.

"मी इतिहास शिकवायला आलोय," मी म्हणालो. "इतिहास विचारा. कुठलाही विचारा."

"जीभ काही लंगडी नाही बरं का याची," पहिला सभासद म्हणाला.

गुरुजी पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माफी माग साहेबांची. माज आला का रे तुला? कुणाच्या जिवावर शिकलास?"

"तुमच्या, गुरुजी."

"मग?"

"तुमच्या उपकारावर शिकलो. विकला गेलो नाही."

त्यांनी पायऱ्यांकडे बोट केलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. धडकं नाही आणि मोडकंही नाही."

या माणसाच्या बायकोने मला पंगतीत बसवलं होतं. ते मी आजही विसरलेलो नाही. पण त्यांचं हे वाक्यही विसरलेलो नाही. दोन्ही माझ्याजवळ आहेत. एकाने दुसरं फिटत नाही.

पायऱ्या उतरताना मी बसून उतरलो. वर कुणीतरी हसलं. हसू दे.

घरी आलो. आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती तरी जवळ घेईल. ती चुलीतलं लाकूड सारत म्हणाली, "चालला असतास तर काय झिजला असतास? बाजारात चाललास की तवा." म्हणजे दादांनी तिला सांगितलं होतं. इतकी वर्षं तिला माहीत होतं. ती पुढे म्हणाली, "आमी काय जन्माला पुरनार हाय तुला?" तिचंही खोटं नव्हतं.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी कोरड्या पडल्या, गुरं गेली, आणि सगळा गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेला. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, ढिगामागे बाया-माणसं, दिवसभर ठक ठक.

एके दिवशी कमल आमच्या दाराशी आली. वरच्या आळीची. कडबा कापायच्या यंत्रात तिचा उजवा हात कोपरापासून गेला होता, मग नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं.

"तू शिकलाईस," ती म्हणाली. "मला सांग. मुकादम म्हनतो, दोन हात असतील त्यालाच काम. खडी काय दोन हातानं फोडत्यात व्हय? हातोडा येकाच हातात असतो. दगूड मी पायानं दाबून धरंल."

मी सांगायला तोंड उघडलं. डोळ्यांसमोर साइट आली. माणसं कशी काम करतात तिथे? बसून. सगळी बसून. पाटलाची सून बसून, माझे दादा बसून. ज्या कामासाठी कुणाला उभंही राहावं लागत नाही, त्या कामावर मी गेलो नव्हतो. कारण कुणी मला बोलावलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

शिवराम अजूनही त्याच लिंबाला बांधलेला होता. आम्ही त्याची दोरी सोडली. त्याची आई म्हणाली, "पडंल की रं त्यो." शिवराम म्हणाला, "पडू दे. बांधून घातल्यालं जनावर बी पडतंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघालो. शिवरामचा हात माझ्या खांद्यावर, माझा हात माझ्या गुडघ्यावर, पुढे कमल. साइटवरची पोरं ओरडली, "वऱ्हाड आलं, वऱ्हाड! नवरदेव कोनचा गं, कमळे?"

"तुजा बाप," कमल म्हणाली. "हात येकच हाय माजा, जीभ अख्खी हाय."

मुकादमाने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्ये सरकारी काम हाय, धर्मशाळा न्हाई. तिकडं सुकडी वाटत्यात, तिथं बसा. मिळंल घासभर."

"सुकडी नको," मी म्हणालो. "हातोडे द्या."

"उठा. चालायला लागा."

आम्ही दगडांच्या ढिगाशी बसलो. त्याने चार गड्यांना हाक मारली. त्यांनी आम्हाला पोत्यासारखं उचललं आणि रस्त्याच्या पलीकडे नेऊन टाकलं. कमल एकाच्या मनगटाला चावली, तर त्याने तिला थोटक्या हाताला धरून ओढलं. शिवरामची काठी कुणीतरी लांब फेकली. तो चहूकडे हातांनी जमीन चाचपत होता आणि साइट हसत होती. दोन ढीग सोडून दादा बसले होते. त्यांचा हातोडा थांबला. आमची नजरानजर झाली. मग त्यांनी मान खाली घातली आणि हातोडा पुन्हा सुरू झाला. ठक. ठक.

त्या दिवशी आम्ही घरी गेलो नाही. जिथे टाकलं होतं तिथेच काठ्या रोवून, पोती शिवून पाल घातलं. एका बाजूला कमल आणि संध्याकाळी येऊन मिळालेली तिची म्हातारी आई, एका बाजूला आम्ही दोघं, मध्ये चूल. म्हातारीने थोडं मिलोचं, रेशनच्या तांबड्या ज्वारीचं, पीठ आणलं होतं. कमलने एका हाताने पीठ मळलं, शिवरामने चूल फुंकली, मी भाकरी थापली. जाड झाली, एका अंगाने करपली. ती देताना कुणी काही म्हणालं नाही. कुणाचं होईपर्यंत थांबावं लागलं नाही.

सकाळी आम्ही ढिगाशी जाऊन बसलो. पुन्हा उचलून टाकलं. तिसऱ्या सकाळी आमच्याबरोबर शेजारच्या गावचा एक तरणा गडी होता, तळहातांवर सरकत आलेला. त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

तेव्हा मुकादम माझ्याजवळ उकिडवा बसला. आवाज एकदम मऊ. "तू बी. ए. हाईस म्हनं. आधी सांगायचं न्हाई व्हय? तुला हजेरी घ्यायला ठिवतो. सावलीत बसायचं. फक्त ह्या बाकीच्यांना घालव इथनं."

सावली. पगार. कुलूप लावता येईल अशी खोली. सगळं त्याच्या त्या मऊ आवाजात होतं. शिवराम माझ्याकडे कान देऊन बसला होता. कमल दुसरीकडे बघत होती.

"आन उद्या मोठं साहेब येनार हाईत," मुकादम म्हणाला. "त्यांच्या म्होरं जरा चालून दाखव. लंगड्याला बी काम दिलं म्हनून आमचं बी नाव हुईल."

मी ढिगातला एक दगड ओढून पायाशी घेतला.

"चौघांना हातोडे दे," मी म्हणालो. "आणि साहेबाला गाडीतून खाली उतरव. इथवर, या ढिगापर्यंत, चालत आण. तो कसा चालतो ते आम्ही बसून बघणार आहोत."

मी उठलो नाही. आता कुणापुढेही उठणार नाही.