आर्डिस ट्वेटनचा चुकणारा अंदाज

आर्डिस ट्वेटनने एकतीस वर्षं पहिलीला शिकवलं, आणि एकतीस वर्षं दर हॅलोविनला, वर्गात भोपळा फोडला की, आत बिया किती हा तिचा अंदाज चुकला. चुकला म्हणजे सपशेल. भोपळ्यातून दीडशे बिया निघाल्या, तर हिच्या चिठ्ठीवर बारा. पोरं बाकं बडवायची, "हरल्या! मिसेस ट्वेटन परत हरल्या!" ही बया डोक्यावरची चेटकिणीची टोपी काढून कपाळावर हात मारून घ्यायची. मी त्या वर्गात मदतनीस होते, एकोणीस वर्षं. सांडलेला गर मीच पुसायची, म्हणून मला सगळं माहीत.

एका वर्षी टोपी खोक्यात ठेवताना तिने मला सांगितलं, "जोलीन, आकड्यांना घाबरणाऱ्या लेकराला वर्गात आपल्याहून ढ कुणीतरी दिसावं लागतं गं. म्हणून मी मुद्दाम चुकते. कुणाजवळ बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतेय!" मी म्हटलं.

पुढे तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली. ती आपल्या चार नंबरच्या खोलीतच काढायची, एवढं एकच तिचं मागणं होतं. पण जिल्हा कार्यालयाने नवीन पुस्तक आणलं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक पहिलीच्या वर्गात एका दिवशी एकच पान चालायला हवं आणि बाईंनी त्यातलं वाक्य जसंच्या तसं वाचायला हवं. आदल्या वर्षी आर्डिस दोनदा पान सोडून पकडली गेली होती. तिसऱ्यांदा पकडली गेली तर खोली जाणार आणि पलीकडच्या गावच्या शाळेत पुस्तकांना लेबलं चिकटवायला बसवणार, असं तिला लेखी कळवलं होतं. आणि तपासणीचा दिवस कुठला दिला? एकतीस ऑक्टोबर, नेमका हॅलोविन! त्या दिवशीचं पान मोज्यांच्या जोड्यांचं होतं.

"अगं, एक दिवस मोजे शिकव," मी हातापाया पडले तिच्या. "भोपळे उद्या फोडू."

"उद्या हॅलोविन नसतो, जोलीन."

"आणि खोली गेली म्हणजे?"

ती भोपळ्यांची झाकणं कापत राहिली. मला राग आला, तो अजून आहे.

तपासायला आलेल्या बाईंचं नाव कोर्टनी स्टेन्झल. वय तिशीच्या आत, हातात टॅबलेट, चेहऱ्याने गोड. पोरांनी बाह्या सरसावल्या होत्या, बाकांवर वर्तमानपत्रं, खोलीभर कच्च्या भोपळ्याचा वास. धुतलेल्या बिया दहा-दहा करून केकच्या कागदी कपांत टाकायच्या, दहा कप भरले की एक ट्रे. ओडेसा प्रुइट नावाची पोरगी होती, बाराच्या पुढे गाडी जायची नाही, आकडे काढले की डोळ्यांत पाणी. त्या दिवशी तिने एक ट्रे भरला, वर सात कप, आणि चार बिया तळहातावर उरल्या. बराच वेळ बघत बसली. मग खुर्चीवर चढून ओरडली, "एकशे चौऱ्याहत्तर! मिसेस ट्वेटन, तुम्ही नऊ लिहिलेत! नऊ!"

"नऊच तर असतील गं," आर्डिस म्हणाली. "नीट मोजलंस का तू?"

"तुम्हाला काहीच येत नाही!" ओडेसा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

कोर्टनीबाईसुद्धा गुडघ्यावर बसून बिया मोजायला लागल्या. फोटो काढले. दुपारी स्वयंपाकघरातून मीठ लावून भाजलेल्या बिया आल्या, त्या मूठभर खाल्ल्या. मग मला दारापाशी गाठून म्हणाल्या, "किती सुंदर! हे नेमकं करतात कसं, सांगाल का जरा?"

मला वाटलं, झालं, वाचली आर्डिस. मी फुशारले. कप कुठल्या मापाचे, बिया आधी धुवायच्या का, चिठ्ठ्या कधी गोळा करायच्या, सगळं भडाभडा ओकले. आणि वर आवाज खाली करून म्हटलं, "आणि खरी गंमत सांगू? बाई मुद्दाम चुकतात."

"अय्या, हो?" त्यांनी तेही टिपून घेतलं.

तीन आठवड्यांनी कागद आला. मुलांचा उत्साह: उत्तम. दिवसाचं पान: नाही. नेमून दिलेलं वाक्य: नाही. उत्साहाला गुण नव्हते. नाताळच्या सुट्टीत आर्डिसने खोली रिकामी केली. टोपी मला देऊ केली, मी घेतली नाही. लेबलं चिकटवायला गेली बिचारी, आणि तिथे कुणी तिला मिसेस ट्वेटन म्हणायलाही नव्हतं.

पुढच्या ऑक्टोबरात जिल्ह्यातल्या प्रत्येक पहिलीला एक खोकं आलं. आत प्लास्टिकचा भोपळा, प्लास्टिकच्या शंभर बिया आणि एक पुस्तिका. मुखपृष्ठावर ओडेसाचे गराने माखलेले हात. आर्डिसचं नाव शोधून शोधून डोळे दुखले माझे. नव्या बाई, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या, पुस्तिका धरून वाचायला लागल्या, "आता शिक्षकाने मुद्दाम चुकीचा अंदाज सांगावा." आणि अंगठ्याने ओळ दाबून म्हणाल्या, "बारा."

एक मुलगी म्हणाली, "शंभर आहेत. शेजारच्या वर्गात सकाळीच मोजल्या." कुणीही हसलं नाही. बिया परत खोक्यात भरल्या, सगळ्या आहेत ना ते बघून.

शाळा सुटल्यावर मला राहवेना, मी आर्डिसला फोन केला. ती ऐकत होती. बिया प्लास्टिकच्या म्हटल्यावर म्हणाली, "मग दुपारी लेकरांनी खाल्लं काय?"

"काही नाही."

"आणि पुस्तिकेत अजून काय आहे?"

मी ती ओळ वाचून दाखवली. वाचायला नको होती, पण तोवर वाचून झाली होती.

मग ती म्हणाली, "हे मी तुला एकटीला सांगितलं होतं, जोलीन."

"तुझी खोली वाचेल म्हणून बोलले गं," मी म्हटलं. पण तिने फोन ठेवला होता.