मार्थाताईंची अपुरी पंगत

फोन आला तेव्हा मी अवसरी बुद्रुकला लेकीच्या घरी तिच्या बाळाला न्हाऊ घालत होते. जावयानं तो घेतला आणि दारात येऊन मला सांगितलं. मार्थाताई गेल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई. एका चुलीवर आम्ही सत्तावीस वर्षं काढली, त्यातली निदान वीस भांडण्यात... आता पाच आठवडे झालेत, घरात भांडायला कुणी नाही, आणि ते मला फार जड जातं आहे.

ताई लवकर विधवा झाल्या. मूलबाळ नव्हतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, लग्न असो की नाताळचं जेवण, पंगतीत वाढायला त्या हव्यातच. आमच्याकडे वाढायची एक रीत आहे. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तरी वरून एक पळी वाढायची, आणि हात आडवा होत नाही तोवर तर थांबायचंच नाही. ताईंच्या आग्रहापुढे भलेभले हरायचे. मार्थाबाई वाढायला असतील तर आदल्या दिवशी उपास करावा, अशी त्यांची थट्टा व्हायची. ताई हसायच्या आणि थट्टा करणाऱ्याला आणखी एक पळी वाढायच्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट. भूतानमधून परागंदा झालेली माणसं नेपाळात छावण्या करून राहत होती. शहरातल्या एका ख्रिस्ती मंडळाबरोबर, त्यांच्या सेवेसाठी, आमच्या जुन्नरच्या मंडळीतून चौघांनी तीन आठवडे जायचं ठरलं. पहिलं नाव ताईंनी दिलं. परदेश म्हटल्यावर आमच्या गावच्या, पिंपळवंडीतल्या शेजारणींना विमान दिसू लागलं. ताई गेल्या रेल्वेनं, आणि सरहद्द ओलांडली ती सायकलरिक्षात बसून. इकडे घर, दोन म्हशी आणि कांद्याची लागण माझ्या एकटीच्या अंगावर पडली. मी रोज मनातल्या मनात त्यांना बोल लावत होते.

परत आल्यावर ताई थेट कामाला लागल्या. दोन दिवसांनी तांदूळ निवडता निवडता आपणहून बोलल्या. छावणीत झोपड्यांची एक ओळ जळाली होती. त्या लोकांची भांडीकुंडीही गेली होती, म्हणून त्यांना एकत्र शिजवून वाढायचं काम या चौघांकडे आलं. पहिल्याच दिवशी पळी ताईंच्या हातात.

"सुमन, तितं कुनीच हात आडवा करंना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अजून पायजे. मी आपली वाढत ऱ्हायले."

पातेलं रिकामं झालं तेव्हा शेवटची ओळ अजून बाकी होती. त्या ओळीत एक म्हातारी होती. ताईंचा पडलेला चेहरा पाहून तिनंच आपल्या कोऱ्या ताटावर हात आडवा धरला, आणि पोट भरल्यासारखी मान हलवली.

एवढं सांगून ताई रडल्या. मी त्यांना बजावलं, हे चर्चमध्ये बोलू नका, लोकांनी कौतुकानं पाठवलं होतं, घराण्याची शोभा होईल. ताईंनी कधी माझं ऐकलंय?

रविवारी चौघांनी साक्ष द्यायची, म्हणजे तिथला अनुभव सगळ्यांपुढे सांगायचा होता. बाकीच्या तिघांनी तिथली गाणी, प्रार्थना, मुलांचे खेळ सांगितले. सगळ्यांचे चेहरे फुलले. मग ताई उभ्या राहिल्या.

"मी लोकांना उपाशी ठिवून आले. मला पुन्ना धाडा. त्या म्हातारीला वाढायचं राह्यलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी पुन्हा काहीजण छावणीवर जायला निघायचे होते. चर्चचे पाळकसाहेब घरी आले तेव्हा ताई मळ्यात होत्या. "काहींचा विरोध असला तरी ताईंना पाठवावं असं मला वाटतं," ते म्हणाले, "तब्येत कशी आहे त्यांची?" त्यांना चहा देता देता मी म्हणाले, "गुडघ्यांनी लई बेजार हायेत. त्यास्नी झेपायचं न्हाई."

त्याच वेळी ताई कांद्याची पाटी डोक्यावर घेऊन बांध चढत होत्या. मी खोटं बोलले. पुन्हा तीन आठवडे एकटीनं राबायचं नव्हतं हे एक. आणि भर चर्चमध्ये त्यांनी आम्हाला मान खाली घालायला लावली याचा रागही होता. यादीत ताईंचं नाव आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. मंडळीच्या जेवणात तेव्हापासून त्या शेवटच्या ओळीपासून वाढायला सुरुवात करायच्या, आणि पुढं बसणारे मानकरी कुरकुरायचे.

गेल्या आठवड्यात मी ताईंची खोली आवरायला घेतली. कॉटखाली रेक्झिनची एक पिशवी निघाली. आत घडी केलेली दोन लुगडी, स्वेटर, साबणाची डबी. प्रवासाची सगळी तयारी, कित्येक वर्षांपूर्वी केलेली. आणि तळाशी गुडघ्यांना बांधायचे दोन पट्टे, दुकानातून आणले तसेच, प्लास्टिकसुद्धा न फोडलेलं.

गुडघे त्यांचे कधीच दुखले नाहीत. म्हणजे यादीतून नाव का गळलं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आणि पाळकसाहेबांना तसं सांगणारी माझ्याशिवाय दुसरी होती कोण... तरीही त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. गुडघ्यांचं कुणी काढलंच तर दाखवायला बाजारात जाऊन पट्टे आणले, पिशवीत भरले, आणि बोलावणं येईल म्हणून थांबल्या.

ताई, माझं चुकलं. पिशवी मी होती तशी कॉटखाली सरकवली आहे. पट्टे तेवढे बाहेर राहिलेत. बांध चढताना हल्ली माझेच गुडघे दुखतात, पण ते प्लास्टिक फोडायला माझा हात होत नाही.