न पिणाऱ्या घरातलं यकृत

निपाणीचा तंबाखूवाला पारिसा चाळिशीतच गेला. पोट पाण्यानं टम्म फुगलं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे. सुतक फिटायच्या आत थोरल्या भावानं, नेमगोंडानं, चारचौघांत निकाल दिला, "चोरून दारू पीत असनार. न्हायतर असं हुतंय व्हय?"

पारिसाची बायको राजमती आतून ऐकत होती. नवऱ्याच्या तोंडाला तुपाशिवाय दुसरा वास तिला कधी आला नव्हता. पण विधवेचं ऐकतो कोण!

नेमगोंडा मोठा धर्माचा. दिवस मावळल्यावर घासही घ्यायचा नाही. मावळायच्या आत मात्र पोळ्यांची चळत, त्यावर तुपाची धार, मग लोडाला टेकून ढेकर. ढेरीवर हात फिरवत म्हणायचा, "ही आमच्या घरान्याची खूण." राजमतीला त्या ढेरीपेक्षा त्या तोऱ्याची जास्त किळस यायची.

पुढं त्याच्याही डोळ्यांत पिवळं उतरलं. त्याची बायको जयाबाई हबकली. राजमतीचं माहेर बेळगावचं, कॅम्पातला डॉक्टर तिच्या माहितीचा. म्हणून मोटारीत तिलाही बसवलं.

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं. लघवीत साखर निघाली.

"दारू किती घेता?"

"आम्ही जैन हाय!" नेमगोंडा उसळला.

"मग ही चरबी. यकृतात साचत गेली की न पिणाऱ्याचंही यकृत सुकतं. घरात आणखी कुणाला झालं होतं?"

नेमगोंडा खिडकीबाहेर बघू लागला.

"माझ्या मालकास्नी," राजमती म्हणाली. "त्ये बी पीत न्हवते, खात हुते. सांगा की आण्णा, आता गप का?"

नेमगोंडा सदऱ्याची बटणं लावू लागला.

"तूपसाखर बंद करा, चाला," डॉक्टर म्हणाला. "आणि मुलाबाळांनाही सांभाळा. हे घराण्यात उतरतं."

निपाणीला परतताच त्याला वाचा फुटली. डॉक्टर अडाणी ठरला आणि अशक्तपणावर दुधात तूप सुरू झालं. वर्षाच्या आत नेमगोंडा गेला. भावावर घेतलेला आळ त्यानं शेवटपर्यंत मागं घेतला नाही.

राजमतीची लेक चंदना बापासारखीच गुबगुबीत. आईनं तिच्या ताटातलं तूप काढलं, तिला रोज मळ्यापर्यंत चालायला लावलं. सासू कडाडली, "पोरीला उपाशी मारतीस?"

"तुमची दोन पोरं खाऊन मेली," राजमती म्हणाली. "माझी एक उपाशी जगंल."

चंदना तोंड फुगवून चप्पल शोधू लागली.