पहिल्याच चावीला

समस्त आळीला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या वडिलांच्या जुन्या मोटारीची हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असून रुग्ण धडधाकट आहे. हौस अर्थातच माझी. दुसऱ्या गाडीचं इंजिन मी पैदा केलं, मिस्त्रींनी कान लावून लावून कार्बोरेटर जुळवला, आणि काल गॅरेजसमोर मी ऐटीत अप्पांना स्टिअरिंगवर बसवलं.

ही गाडी अप्पांनी नुसत्या चावीने कधी सुरू केलीच नव्हती. आधी डॅशबोर्ड थोपटायचा, मग "चल गं बाई, लोक बघतायत" अशी विनवणी, आणि मग चावी. दोनतीनदा रुसून ती खोकत उठायची.

कालही त्यांनी थोपटायला हात उचलला. मला कुठला धीर? शेजारून हात घालून मीच चावी फिरवली. इंजिन तत्क्षणी, शिलाई मशीनसारखं मऊ चालू लागलं. अप्पांचा हात तसाच हवेत राहिला.

त्या हाताकडे बघताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. एखाद्याची अडचण दूर करताना आपण त्याचं लाडिक भांडणही उचलून नेतो, आणि वर शाबासकीची वाट बघतो. मीही बघतच होतो.

अप्पांनी हात हळूच मांडीवर ठेवला.

"काय अप्पा, कशी वाटतेय?" मिस्त्रींनी खिडकीतून विचारलं.

"चांगलीये की," अप्पा म्हणाले, "आता कुणाचंही ऐकेल."