इनासच्या बाटलीचं बूच

रविवारी पत्ते उधळून मंडळी घरी गेली की मी ओटी झाडायला घेते. शेंगांची टरफलं निघतात, विडीची थोटकं निघतात, एखादा हरवलेला जोकर निघतो आणि एखादा किस्सा तर हमखास निघतो. टरफलं मी खतात टाकते. किस्से टाकवत नाहीत. इतके साठलेत की आता कोणीतरी ऐकून घ्या बाबांनो, म्हणजे माझी सुटका होईल.

मंडळी फार नाहीत. एक माझा नवरा इनास. आमच्या लग्नात फादरांनी 'अहो' म्हणायची शपथ काही घ्यायला लावली नव्हती, म्हणून मी त्याला इनासच म्हणते. दुसरा त्याचा चुलतभाऊ पावलू, सांडोरचा, घरी वाईन करणारा. तिसरे सावंत, इनासच्या कंपनीतले. कंपनीने दोघांना एकदमच व्हीआरएस देऊन घरी बसवलं, तेव्हापासून सावंत दर रविवारी मनवेलपाड्याहून आमच्या गिरीजला रमी खेळायला येतात. चौथी मी. मी खेळत नाही, लक्ष ठेवते. सगळी नोकरी शाळेत गेली. परीक्षेत कोणाच्या बाहीत काय दडलंय ते मला वर्गाच्या दारातूनच कळायचं. शाळेने रिटायर करताना खडू-डस्टर काढून घेतले, नजर कशी काढून घेणार?

*

आमच्याकडच्या पुरुषांचा एक जुना कायदा होता. वाईनची बाटली एकदा उघडली की झाकून ठेवायची नाही. का, तर हवा लागते, आंबते, दुसऱ्या दिवशी तिचं व्हिनेगर होतं. आणि देवाने दिलेली वस्तू वाया घालवणं पाप! तेव्हा बसल्या बैठकीला संपवायची. किती धर्मभोळी माणसं बघा.

माझे सासरे याच कायद्याने वागले. इनासचा थोरला भाऊ मार्टिनही वागला. मार्टिन शेवटी पिवळा पडून गेला. त्याची शवपेटी उचलताना इनास हमसून हमसून रडला होता, आणि पुढे इनासचंच लिव्हर सुजलं. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण बंद केलीत तर सगळ्यात चांगलं. नाहीच जमलं तर संध्याकाळी एक छोटा ग्लास. त्याच्या वर गेलात तर माझ्याकडे येऊ नका, सरळ भावाकडे जा."

मी त्या दिवसापासून घाबरले ती घाबरलेच. इनासला एका ग्लासवर थांबलेला मी कधी पाहिलाच नव्हता.

आमची सिल्विया मस्कतला नर्स. सुट्टीवर आली तेव्हा तिने बापासाठी एक खोका आणला. आत रबराची दोन बुचं आणि एक पांढरा प्लास्टिकचा पंप. ग्लास भरून घ्यायचा, बाटलीला रबराचं बूच लावायचं, त्यावर पंप बसवून चार-पाचदा वर ओढायचा. आतली हवा बाहेर येते आणि वाईन पुष्कळ दिवस टिकते. परत उघडायची तर बूच जरा दाबायचं, की ते 'फुस्स' करतं.

रविवारी इनासने प्रात्यक्षिक दाखवलं. सावंत आणि पावलू बाटलीकडे बघत राहिले. कोणी हात लावेना. पिढ्यान् पिढ्यांचा कायदा आमच्या ओटीवर मोडला होता.

शेवटी पावलू माझ्याकडे बघत म्हणाला, "हे बाईने शोधलंय. पुरुषाच्या डोक्यात असलं काही येणार नाही."

*

सावंतांचा संशय वेगळा होता. 'फुस्स' झालं की ते दोन हात मागे सरकायचे. "वहिनी, गॅस सुटतोय म्हणजे माल आतून बिघडलाय. आमच्याकडे फणसाचं तसंच होतं." त्यांना समजावून सांगितलं की हवा बाहेरून आत जाते, म्हणून आवाज येतो. ते म्हणाले, "म्हणजे बाहेरची हवा खराब," आणि ग्लास पुढे केला.

सावंत घरी जाताना आमच्या वाडीतला केळ्यांचा फणा घेऊन जायचे. मला वाटायचं, आवडत असतील. एके दिवशी त्यांच्या मिसेसचा फोन आला. आवाज अगदी गोड.

"वहिनी, केळी जरा कमी पाठवा ना. शिकरण झालं, हलवा झाला, भजी झाली. पोरं आता केळं बघितलं की खोलीबाहेर जातात. पण हे म्हणतात, गिरीजला मी फक्त केळ्यांसाठीच जातो, तिकडची ताजी असतात."

मी म्हटलं, "बरं, कमी पाठवते."

त्यांनी फोन ठेवला नाही. मग हळूच विचारलं, "वहिनी, ताजी केळी खाल्ली की माणसाच्या तोंडाला असा वास येतो का हो?"

*

नाताळ जवळ आला तसा पावलूला पंपाचा मोह झाला. तोंडाने नावं ठेवायचा, पण एक दिवस गुपचूप मागून घेऊन सांडोरला गेला. त्याची नाताळची वाईन तेव्हा घरात तयार होत होती. तयार होत होती म्हणजे आत यीस्टचं काम चालू होतं, बुडबुडे येत होते. अशी बाटली घट्ट बंद करायची नाही, हे सांडोरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पावलूने विचार केला, उघडी वाईन टिकते तर कच्ची दुप्पट टिकेल. चांगला जोर लावून पंप मारला आणि बाटली कुठे लपवावी? बायकोने, आग्नेसने, नाताळसाठी मांडलेल्या गोठ्याच्या मागे. बाळ येशूच्या मागे आग्नेस हात घालणार नाही, हा हिशेब.

दुपारी सगळे जेवायला बसले असताना धडाम् आवाज झाला. बूच उडून छताला लागलं, वाईनचं कारंजं उडालं, आणि कापसाचा बर्फ, गवत, मेंढ्या, सगळं लालभडक. आग्नेसला आधी वाटलं दिवा फुटला. मग तिने वास घेतला.

त्याच संध्याकाळी फादर गोठे बघायला घरोघरी फिरत होते. धुऊन धुऊन मेंढ्या गुलाबी झाल्या होत्या, त्यापुढे जाईनात. फादरांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "पावलू, या कुठल्या जातीच्या मेंढ्या?"

पावलू बोलायच्या आत आग्नेसने सांगितलं, "पिणाऱ्या जातीच्या, फादर."

*

आता माझ्या संशयाचं मूळ सांगते. पाचूबंदरची नातालबाय आमच्याकडे मावरं घेऊन येते. मासळीची टोपली ओटीवर उतरवली आणि तिला कट्ट्यावर पंप दिसला.

"बाय, ही काय पानी काढायची मशिन?"

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, सिल्वियाने काय आणलं, आणि इनास कसा रोज संध्याकाळी एकच ग्लास भरून घेतो, बूच लावतो, ग्लास घेऊन मागे विहिरीपाशी जाऊन बसतो आणि रिकामा ग्लास आणून विसळून ठेवतो. सांगताना मला जरा अभिमानही वाटत होता.

नातालबायने बोंबील निवडता निवडता माझ्याकडे असं बघितलं, की विधवेकडेसुद्धा कोणी इतक्या दयेने बघत नाही.

"एक गिलास तुला दाखवाला, बाय," ती म्हणाली. "बाकीचं कुठं, ते शोध."

*

झालं. माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मी बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, वाईनच्या बरोबर रेषेत. संध्याकाळी इनासने तो पाहिला आणि विचारलं, "बाटलीला लागलंय का कुठे?" पण ग्लास भरला तेवढाच. पट्टी रोज खाली सरकवावी लागे, ती बरोबर ग्लासभरच.

इथेच माझी खात्री पटली, की काहीतरी काळंबेरं आहे. इनास आयुष्यात कुठल्याच गोष्टीत बरोबर नव्हता. मीठ आणायला गेला की साबण आणतो. हा माणूस एवढा काटेकोर? म्हणजे दुसरी बाटली नक्की होती.

मी शोधायला लागले. तांदळाचा पिंप बघितला, पंपघर बघितलं, खताच्या गोणीत हात घातला. त्याचे गमबूट उलटे करून बघितले. बाहेरून आला की मी त्याच्या जवळून उगाच दोनदा जायची, वास घ्यायला. संध्याकाळी तो 'फुस्स' ऐकू आला की मी टीव्हीवरची मालिका अर्धी सोडून मागच्या दारात. "किती घेतलीस?" "एक." "खरं सांग." "येऊन बघ." मग मी विहिरीपर्यंत जाऊन त्याच्याशी भांडायची. विषय निघाला की मार्टिन निघायचा, सासरे निघायचे, सिल्वियाच्या बाप्तिस्म्याला कोण कुठे पडलं होतं तेही निघायचं. अंधार पडेपर्यंत आमचं चालायचं.

पावलूलाही शंका आली. "मोनिका, हा रविवारी आमच्याबरोबर घेत नाही. म्हणतो, माझा ग्लास संध्याकाळी. आमच्या माघारी पितो बघ." सावंतांनी त्यावर मान हलवली. दोघांना त्याच्या तब्येतीपेक्षा आपण वगळले गेलो याचंच जास्त लागलं होतं.

मग रिपोर्ट आला. लिव्हर सुधारलं होतं. इनासने कागद माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडून गेलं, "रक्त कोणाचं दिलंस?"

त्याने कागद परत घेऊन त्यावरचं नाव बघितलं.

"सावंतांचं दिलंस ना?"

"सावंतांचं दिलं असतं तर रिपोर्ट असा आला असता का?" तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. तरी मी त्याला दुसऱ्या लॅबमध्ये घेऊन गेले. सुई टोचताना बाजूला उभी राहिले आणि बाटलीवर नाव लिहीपर्यंत हलले नाही. तोही रिपोर्ट चांगला. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, नवरा बरा होतोय, तुम्ही एवढ्या नाराज का?" मी नाराज नव्हते. मला भीती वाटत होती. मार्टिनच्या बायकोनेही त्याच्या एका ग्लासवर विश्वास ठेवला होता.

*

आता हा शेवटचा. हा मी आग्नेसला सांगितलेला नाही, आणि पावलूला तर कळता कामा नये.

त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम टीव्ही मोठा लावून ठेवला आणि 'फुस्स' व्हायच्या आधीच पुढच्या दाराने बाहेर पडले. वाडीला वळसा घालून नारळीच्या आड जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज दुसरी बाटली कुठून निघते ते बघतेच.

इनास ग्लास घेऊन आला. विहिरीच्या कट्ट्यावर बसला. ग्लास नाकाशी नेला, चांगला लांब वास घेतला. मग इकडे तिकडे बघितलं आणि सगळा ग्लास शेजारच्या अळूच्या वाफ्यात ओतला. हाताने वर थोडी माती सारली, आणि रिकामा ग्लास मांडीवर धरून मागच्या दाराकडे बघत बसला.

मी आडून बाहेर आले. "किती दिवस?"

तो दचकला. मग म्हणाला, "डॉक्टर बोलले त्याच दिवशी सोडली. मार्टिनची पेटी उचललीय मी."

मला हायसं वाटलं आणि मी त्याच्या बाजूला कट्ट्यावर बसले. आणि तेवढाच संतापही आला. पावलूची जुनी ठेवणीतली वाईन, अळूला! "मग रोज हा पंप, हे बूच, हे नाटक कशाला? मी रात्र रात्र जागते आहे. खताच्या गोणीत हात घातला मी!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "गोणी मीच परत बांधली."

"मग सांगितलं का नाहीस?"

इनासने ग्लास उलटा करून शेवटचा थेंब अळूवर झटकला.

"या बुचाच्या आधी संध्याकाळी तू कधी यायचीस इकडे?"

घरात टीव्ही मोठ्याने चालूच होता, आणि तो आम्हा दोघांना ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूच वाजलं. इनास ग्लास घेऊन मागे गेला. मी टीव्ही बंद केला, चप्पल घातली आणि त्याच्या मागोमाग गेले.

"आज जास्त घेतलीस तू," मी म्हटलं. "मला फसवू नकोस."

"एकच ग्लास आहे, मोनू."

"काठोकाठ आहे. सरक जरा तिकडे, मला बसू दे."

चर्चमधली संध्याकाळच्या प्रार्थनेची, आंजेलसची घंटा होऊन गेली तरी आम्ही भांडतच होतो.