जावेच्या नावाचं रक्त

माझी मोठी आई तुळजाबाई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, शुगरच्या टेस्टला दहावीच्या परीक्षेसारखी बसायची. तारीख ठरली की तीन दिवस कारल्याचा रस, अर्धी भाकर आणि गांधीसागर तलावाला फेऱ्या. चौथ्या दिवशी रक्त दिलं की लॅबमधून थेट बर्डीच्या बाजारात, आणि तिथे उभ्याउभ्याच संत्रा बर्फी. रिपोर्ट झकास यायचा. मग ती गल्लीभर पास झाल्याचं सांगत फिरायची. नऊ वर्षं तिने अशा टोप्या घातल्या, डॉक्टरांना आणि स्वतःलाही.

घरात हातमाग होता तोवर ती मागावर बसली. माग गेल्यावर साड्यांना फॉल-पिको करायला लागली. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि सुईत दोरा जाईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला दोनदा परत पाठवलं. रिपोर्ट आला की तिचं खाणं पुन्हा सुरू, त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी साखर मोजायला बोट टोचलं की खरी साखर वर यायची. तिसऱ्यांदा ते म्हणाले, धरमपेठेतल्या शुगरच्या डॉक्टर सुहासिनी मॅडमची साखर आटोक्यात असल्याची चिठ्ठी आणा, मगच तारीख देतो. डोळे गेले तर शिलाई मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे सुनेच्या राज्यात बसून भाज्या निवडायच्या. मोठ्या आईला याची मरणाइतकी भीती वाटायची.

सुहासिनी मॅडम मात्र पक्क्या निघाल्या. उपाशीपोटीची टेस्ट त्यांनी उडवूनच लावली. तीन महिन्यांची साखर सांगणारी दुसरी टेस्ट असते, पण मोठ्या आईच्या रक्तात लोह कमी, त्यामुळे तिच्यावरही भरवसा ठेवता येत नव्हता. तेव्हा रक्तातल्या प्रोटीनला किती साखर चिकटली आहे ते मोजू, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचं खाणं कळतं, असं त्या म्हणाल्या. मागच्या दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे महालक्ष्म्या जेवून गेल्या होत्या. पुरणपोळ्या किती झाल्या ते मोठ्या आईला ठाऊक होतं. घरी माझ्या स्कूटरवरून उतरताच ती सरळ माझ्या आईकडे गेली.

आमच्या घरात एक जुनी रीत आहे. एका जावेला जमत नसेल तर दुसरी ते तिच्या नावाने करते. मोठ्या आईला गोळ्या लागल्यापासून तिचे श्रावण सोमवार माझी आई रुखमाबाई धरते. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिच्या वाट्याच्या प्रदक्षिणा मोठी आई घालते. देवाने आजवर हरकत घेतलेली नाही, तर लॅबवाले कोण लागून गेले? दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त न्यायला लॅबचा नवाच माणूस आला, धर्मेंद्र नावाचा. तुळजाबाई कोण, असं त्याने विचारलं आणि माझ्या आईने डोक्यावरचा पदर सारखा करून हात पुढे केला. मी समोरच पोहे खात होतो. आईचा हात थरथरत होता. चोरी करताना थरथरणारच, म्हणून मी खुशाल हसलो.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. मोठी आई नवं लुगडं नेसून पास व्हायला निघाली. मॅडमनी आधी बोटातलं रक्त तपासलं, तर साखर दोनशे सत्तर. प्रोटीनची टेस्ट मात्र इतकी खाली, की निरोगी माणसाचीही नसेल. अंगातली प्रोटीनं भराभर झिजत असली की साखरेला चिकटायला वेळच मिळत नाही, मग रिपोर्ट खोटाच चांगला येतो, असं त्यांनी समजावलं. लिव्हरचा किंवा थायरॉईडचा संशय आला म्हणून त्यांनी त्याच रक्तात दोन्ही तपासून घेतलं होतं. लिव्हर ठीक होतं. थायरॉईड चौखूर उधळला होता.

मॅडम विचारत गेल्या. वजन उतरलं का? समोर अठ्ठ्याहत्तर किलोची मोठी आई. छाती धडधडते का? घाम येतो का? त्यांनी तिला हात पुढे करायला लावून थरथर बघायला वर कागद ठेवला. कागद जागचा हलला नाही. मॅडम बुचकळ्यात पडल्या. "उशीर केलात तर हृदयावर जाईल हे," असं म्हणून त्या पुन्हा रिपोर्ट वाचू लागल्या.

मोठ्या आईने हात मागे घेतले.

"मॅडम, ते रक्त माह्यं नव्हे. माह्या जावेचं हाये. भात माह्याहून जास्त खाते, तरी चोळी ढिली होऊन राहिली तिची. हातातला चहा सांडते. आधी तिले पाहा. डोळ्याचं मंग पाहू."

मॅडमनी तिला झापलं, आणि मला तिच्या दुप्पट. चिठ्ठी अर्थातच मिळाली नाही. त्याच दिवशी मी आईला घेऊन गेलो. तिची नाडी मिनिटाला एकशे तीस निघाली आणि गोळ्या सुरू झाल्या.

घरी मोठ्या आईने देवापुढे सांगून टाकलं, की रुखमीचा हात थरथरायचा थांबेपर्यंत गोड खाणार नाही. नऊ वर्षं डॉक्टरांनी विनवण्या केल्या, स्वतःचे डोळे जायची वेळ आली, तरी जी बर्फी सुटली नव्हती ती जावेच्या नावाने एका दिवसात सुटली. त्यात वैद्यकशास्त्राचा काहीही संबंध नव्हता. दोन महिन्यांनी धर्मेंद्र पुन्हा आला तेव्हा तिने स्वतःचा हात पुढे केला, आणि साखर खरोखरच उतरलेली निघाली. मॅडमनी चिठ्ठी दिली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. समोर आई डबा घेऊन उभी होती. मोठी आई तिच्याकडे बघतच राहिली, मग तिने आईचं मनगट धरलं.

"एवढी वाळली व्हती तू? मले दिसलंच नाही वं."

आई हसली आणि डबा उघडू लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मोतीबिंदू मोठ्या आईला होता. माझे डोळे तर चांगले होते.