आधी कंट्रोल पाह्य

काच दोन बोटांत धरायची, खिडकीच्या उजेडाकडे उचलायची, डावा डोळा मिटायचा आणि मान जराशी मागे न्यायची. चांगला महागडा मायक्रोस्कोप शेजारी असताना! ताईंचं हे रोजचं होतं. आणि त्यापाठोपाठ, जवळ ऐकायला कोणी असो वा नसो, वाक्य ठरलेलं: "आधी कंट्रोल पाह्य. मग पेशंट."

मी नाशिकची. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले तेव्हा इथे मराठी कानावर पडेल असं वाटलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी मी घाईघाईत काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि माझ्या मनगटावर फटका बसला. अगदी खराखुरा.

"काय करून राहिली तू? कंट्रोल कोण पाहणार, तुझा नवरा?"

माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. मी मनगट चोळत कंट्रोल पाहिला.

हे कंट्रोल प्रकरण तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर माझा पुढचा राग तुम्हाला उगीचचा वाटेल. स्तनातल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात बसवून त्याची वडी करतात, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घ्यायचे आणि मशीनमध्ये रंगवायचे. गाठीत अमुक प्रोटीन असेल तर काप तपकिरी होतो, नसेल तर फिकट निळा राहतो. दोन प्रोटीनं हार्मोनची, तिसरं हर-टू. हर-टूवाली गाठ आडदांड, भराभर वाढणारी. पण तिच्यावर नेमकं औषध आहे, आणि ते वेळेवर मिळालं तर त्याच बाईचं पुढचं आयुष्य पालटू शकतं. म्हणजे बाई किती वर्षं जगेल याचा अंदाज डॉक्टर बांधतात तो बराचसा आमच्या त्या तपकिरी रंगावर.

आता गोम अशी, की मशीनने रंग टाकलाच नाही तरी काच निळीच दिसते. प्रोटीन नाही म्हणून निळी, की रंग पडला नाही म्हणून निळी, हे नुसत्या काचेवरून ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही. म्हणून ताई प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात दुसऱ्याच एका बाईच्या गाठीचा कणभर काप बसवत. हर-टू भरपूर आहे हे आधीच माहीत असलेली गाठ. तो कंट्रोल. तो तपकिरी झाला, तरच शेजारच्या पेशंटच्या निळ्यावर विश्वास ठेवायचा.

ती कंट्रोलवाली बाई कोण, कुठली, आहे की गेली, कुणालाच माहीत नव्हतं. ब्लॉकवर फक्त नंबर. पण तो ब्लॉक कापायला घेताना ताई हळूच म्हणत, "उपकार आहेत बाई तुझे." मला आधी हसू यायचं. मग मीही म्हणायला लागले.

ताई नागपूरच्या. नवरा लवकर गेला, त्यानंतर कॉव्हेंट्रीत एकट्या राहत आणि दोन बस बदलून कामाला येत. आंबेडकर जयंतीला अख्ख्या लॅबला स्वतःच्या हातचे लाडू आणत आणि बॉक्स उघडल्यावर पहिला लाडू स्वतः खाऊन म्हणत, "कंट्रोल ठीक आहे. घ्या आता." विहारातल्या एका मुलीला स्थळ सांगून आलं, तर यांनी मुलाआधी त्याच्या मोठ्या भावाची चौकशी केली. भाऊ बायकोशी कसा बोलतो ते पाहून आल्या आणि नकार कळवून टाकला. आपण हसलो तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. काचेला कोणी नंबर म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "नंबर नाही तो. बाई आहे. या वेळी कुठंतरी बसस्टॉपवर उभी असंल, अन् तिला वाटत असंल लॅबवाले नीट पाहून राहिले."

मग आमच्याकडे मॅनेजर आला. लंडनजवळच्या पिनरमध्ये वाढलेला, डॉक्टर आईबापांचा, आपला मराठी. आम्हाला कोण आनंद! मीच मूर्खासारखी त्याला डब्यातली पुरणपोळी दिली. ती पोळी आजही माझ्या मनातून जात नाही.

हा ताईंना "काकू" म्हणायचा. गोड हसून. त्याला घाई होती. काचा तुंबल्या होत्या, वरून विचारणा होत होती आणि प्रत्येक काचेवर कंट्रोल बसवण्यात वेळ जातो हे त्याने पहिल्या आठवड्यातच हेरलं.

"काकू, वन कंट्रोल पर बॅच इज इनफ. एका काचेवर ठेवा ना. बाकी सगळी काचं तर सेम मशीनमध्येच आहे."

"मशीनला सुया किती?" ताईंनी विचारलं.

"सॉरी?"

"रंग टाकणाऱ्या सुया. एक तुंबली, तर तिच्याखालच्या काचा कोऱ्या राहतात. तुझा कंट्रोल दुसऱ्या सुईखाली बसला असंल तपकिरी होऊन."

"काकू, यू आर वंडरफुल. पुट इट इन रायटिंग."

त्यांनी लिहून दिलं. तीनदा दिलं. तिसऱ्या वेळी त्याने सगळ्यांची मीटिंग घेतली आणि विचारलं, "एनीबडी एल्स हॅज अ कन्सर्न?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा व्हिसा लॅबच्या पत्रावर होता. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. हो, मीच. त्याच्यावर आग पाखडताना हे लपवणार नाही.

त्यानंतर महिन्याभरात ताई रंगकामावरून हलल्या. "अ चेंज विल डू यू गुड, काकू." खाली, जिथे नमुन्यांच्या पिशव्या येतात तिथे, लेबलं चिकटवायला. इतक्या वर्षांच्या अनुभवाची बाई! त्यांनी चष्मा डब्यात घातला, लेबलांचा रोल उचलला आणि जिना उतरल्या. काचेच्या कोपऱ्यातला कंट्रोलही त्याच आठवड्यात गेला.

काही महिन्यांनी बसस्टॉपवर त्या मला म्हणाल्या, "छातीत गाठ लागून राहिली गं हाताला." बाजारात भाजी महागली असं सांगावं, तशा सुरात.

तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. रिपोर्ट आला: तिन्ही प्रोटीनं निगेटिव्ह. नेमकं औषध नाही, साधी केमो. आणि आता ऐका. जिने मला मनगटावर फटका मारून शिकवलं, त्या बाईने स्वतःचा कागद वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. कंट्रोल पाहिला का, हे विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कागद आपल्या नावाचा असला की माणूस लहान होतो, डॉक्टर काय म्हणेल एवढंच ऐकतो. अशी चूक आम्हा लॅबवाल्यांचीच होऊ शकते. आम्ही जगाचा रिपोर्ट तपासतो आणि आपला तेवढा खरा मानतो.

केमो झाली, ऑपरेशन झालं. केमोला न जुमानलेली चांगली मोठी गाठ निघाली. दीड वर्षाने दुखणं यकृतात उतरलं. नवा तुकडा रंगवायला माझ्याकडेच आला. मी हर-टूची काच उचलली, खिडकीकडे धरली. तपकिरी. ताईंच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुना ब्लॉकही पुन्हा रंगव. मी आमच्या अनोळखी बाईचा काप स्वतःच्या हाताने कोपऱ्यात बसवला. कंट्रोल तपकिरी, आणि शेजारी ताईंची पहिली गाठ त्याहून गडद तपकिरी. मग मी जुनी काच काढली. कोपरा रिकामा. मशीनच्या नोंदवहीत त्या आठवड्यात एक सुई तुंबल्याची नोंद.

डॉक्टरीणबाईंनी ताईंना रीतसर सांगितलं. संध्याकाळी त्या कॅन्टीनबाहेरच्या बाकावर माझी वाट पाहत होत्या.

"तपकिरी?"

"हो, ताई."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "कंट्रोल पाह्यला होता ना?"

मी ढसाढसा रडायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला केमोने आलेला काळेपणा अजून होता. "रडू नको बाप्पा. रडून त्या मॅनेजरचं काय जाते? आता त्याला पाहू."

लॅबची महिन्याची मीटिंग असते. चांगल्या रंगलेल्या काचा पडद्यावर दाखवतात, मॅनेजर कौतुक करतो. ताईंच्या लेखी परवानगीने, नाव झाकून, मी त्यांची जुनी काच लावली. ताई मागच्या रांगेत, डोक्याला निळा स्कार्फ. मी विचारलं, "हे स्टेनिंग कसं वाटतं?"

आमचे युवराज मॅनेजर खुर्चीत रेलून म्हणाले, "ब्यूटिफुल. क्लीन निगेटिव्ह."

"कंट्रोल कुठे आहे?"

"बॅचचं कंट्रोल पास होतं. सो?"

मी दुसरी काच लावली. पडदा तपकिरी झाला.

"डिफरंट पेशंट?" त्याने विचारलं.

"तोच पेशंट. तोच ब्लॉक."

"हू इज धिस?"

मागून आवाज आला, "मी आहे."

त्याने वळून पाहिलं. "काकू..." एवढंच. मला त्याची कणभर दया आली नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गेली काही वर्षं मला त्याहून बरं काही वाटलेलं नाही.

चौकशी झाली. त्या काळातल्या काचा पुन्हा रंगवल्या. ताईंसारख्या आणखी किती बाया निघाल्या हे सांगायची मला परवानगी नाही. निघाल्या. हॉस्पिटलने ताईंना माफीचं पत्र पाठवलं. ताई म्हणाल्या, "कागद जाड आहे, छान आहे." काचेवरचा कंट्रोल परत आला. आणि मॅनेजर? त्याला काय होतंय! प्रशिक्षण घेऊन आला, खुर्ची तीच. फक्त एक नवा नियम लागला: रोज सकाळी कंट्रोल मॅनेजरने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि सही करायची, त्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही.

हा नियम मी ताईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी मला तो दोनदा वाचायला लावला.

"रोज?"

"रोज."

"अन् तो आपला जुना कंट्रोल ब्लॉक संपत आला असंल."

"हो, थोडाच उरलाय."

पुढच्या आठवड्यात त्या लॅबमध्ये आल्या आणि संमतीचा फॉर्म मागितला. उपचार संपल्यावर आपली उरलेली गाठ लॅबला वापरायला देण्याचा. ऑपरेशनमधली ती मोठी गाठ, पाच ब्लॉक भरतील एवढी. मजकूर सावकाश वाचला, सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी असताना काढू नको. अन् मी गेल्यावरच सांग त्याला. आधी सांगितलं, तर माफी मागायला घरी येईल, अन् मला त्याच्यासाठी चहा करावा लागंल."

मग दोघी इतक्या हसलो, की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं.

नव्या औषधाने ताईंना दोन हिवाळे दिले. आधीच मिळालं असतं तर किती दिले असते, हे कोणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच मी त्याला माफ करू शकत नाही. शेवटी शेवटी त्यांना काच उचलण्याइतकंही बळ नव्हतं, पण मी भेटायला गेले की विचारत, "पाह्यला ना?"

त्या गेल्या त्यानंतरच्या सोमवारी मी त्यांच्या पाच ब्लॉकांतला पहिला काढला. "उपकार आहेत ताई तुमचे," म्हणाले आणि कापला. काचा रंगल्या. मॅनेजर आला, मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि त्याचा चेहरा उजळला.

"वाव. व्हेरी स्ट्राँग कंट्रोल. इतकं छान कुठून मिळाला?"

हे वाक्य मी किती महिने मनात घोळवलं होतं! पण तोंडातून एकच शब्द निघाला.

"काकू."

त्याने डोळे वर केले. मी कंट्रोलच्या सहीचा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "बघून सही करा. पेशंट थांबलेत." तो पुन्हा वाकला, पाहिलं आणि सही केली. सही जरा वाकडी आली.

मागच्या महिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "लिसन, आपण दुसरं एखादं कंट्रोल नाही का वापरू शकत? प्लीज."

मी म्हटलं, "पुट इट इन रायटिंग."

त्याने अजून लिहून दिलेलं नाही. देणारही नाही. कारण म्हणून लिहील तरी काय? अजून साडेतीन ब्लॉक शिल्लक आहेत. मी ते फार पातळ कापते, पुरवून पुरवून. रोज सकाळी तो खुर्ची ओढून बसतो, मी त्याच्या मागे उभी राहते. कधीकधी घाईत त्याचा हात काच पेशंटच्या बाजूला सरकवायला जातो, तेव्हा मी वाकून त्याला सांगते, "आधी कंट्रोल."